पिशवीच्या पोटातला तवा

पॉपकॉर्नची पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेवताना ‘ही बाजू वर’ ही सूचना आपण सहज नजरेआड करतो. खरी करामत खालच्या बाजूला असते. तिथे कागदाच्या थरांमध्ये एक करडा चौकोन दडवलेला असतो, प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप दिलेला. सूक्ष्मलहरी शोषून तो झटपट तापतो आणि वर पसरलेल्या तेलाला नि दाण्यांना चटका देतो. या ओव्हनमधली हवा फारशी तापत नाही, म्हणून तवा पिशवीतच द्यावा लागतो. ती उलटी ठेवली तर तवा वर राहतो आणि दाणे गार कागदावर.

दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असते आणि टरफल इतके घट्ट, की वाफेला वाट मिळत नाही. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेपर्यंत आतला स्टार्च मऊ होतो, दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट होतो आणि टरफल फाटते. स्टार्च फसफसून बाहेर येतो नि गार होताच तसाच घट्ट होतो. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्याही याच वाफेच्या जोरावर फुटतात. मक्याची मात्र खास जातच लागते. स्वीट कॉर्नचे दाणे वाळवून ठेवले तरी अशा लाह्या होत नाहीत.

हा ओव्हन अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांचा. रडारच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीवर, काम करताना त्यांना तो सुचला. १९४९ साली मिळालेल्या त्यांच्या एका पेटंटमध्ये पॉपकॉर्नचे अख्खे कणीसच पिशवीत घालून फोडण्याची कल्पना आहे. मला ती फार आवडते. लाह्या कणसावरच फुलतील!

पाकिटावरच्या मिनिटांपेक्षा कानावर भरवसा ठेवावा. दोन फटाक्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की ओव्हन बंद करावा आणि पिशवी चेहऱ्यापासून लांब धरून उघडावी, आतली वाफ भाजते. तळाशी गणंग राहणारच. कुणाचे टरफल तडकलेले असते, कुणातले पाणी आधीच उडालेले. म्हणून सुटे दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. पण पिशवीतले गणंग पुन्हा ओव्हनमध्ये घालू नयेत. वाफ धरून ठेवायची ताकदच गेलेली असल्याने बहुतेक नुसते करपतात.