धावत्या होडीचा तळ

जुलै २०२२ मध्ये आसना नदीचे पाणी वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात शिरले. तेव्हापासून यंत्रावर चालणारी बचावाची होडी हा आपल्या हिंगोली जिल्ह्याला केवळ समुद्रकाठचा विषय राहिलेला नाही. आम्ही इतिहासाचे अध्यापक. तरीही होडीच्या तळाविषयी येथे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संथ होडी स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढताच तिनेच उठविलेली लाट तिच्यापुढे चढणीसारखी उभी राहते. सोळा फुटी होडीला ताशी सुमारे १० किलोमीटरवरच ही चढण जाणवू लागते. पुढचा भाग वर उचलला जातो, मागचा खाली बसतो. इंजिनाच्या जोरावर ती ओलांडता आली, तर तळावर आदळणारे पाणीच होडीला उचलून धरते व ती पृष्ठभागावरून घसरत धावते. या अवस्थेस प्लेनिंग म्हणतात. नदीत तिरपी फेकलेली चपटी खापरी टप्पे घेत जाते, ती याच न्यायाने.

त्यासाठी तळाचा मागील भाग सरळ व रुंद हवा, आणि तळ व बाजू मिळतात ती कड धारदार हवी. म्हणजे पाणी तेथून सुटून फेकले जाते. कड गोलाकार असल्यास पाणी बाजूंना चिकटून वर चढते. मागे निमुळती होत वर वळलेली होडी वल्ह्यांना हलकी जाते, परंतु मोठे इंजिन लावताच मागे बसते. सपाट तळ थोड्या शक्तीत उचलला जातो, मात्र लाटांवर आपटतो. अमेरिकेचे रेमंड हंट यांनी खोल ‘व्ही’ आकाराचा तळ योजला; तशा नौकेने १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत जिंकली. तो लाटा कापतो, पण शक्ती अधिक मागतो आणि उभा असताना अधिक डोलतो. गावात शिरलेल्या उथळ पाण्यासाठी आम्ही सपाट किंवा अल्प उताराचा तळच पसंत करू.

तथापि उत्तम तळही भारापुढे हतबल होतो. रिकामी जाताना धावणारी होडी माणसे भरल्यावर ती चढण ओलांडू शकत नाही. तेव्हा इंजिनाचा जोर वाढविल्यास मागचा काठ आणखी खाली जाऊन पाणी आत येण्याची भीती असते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांनी भरलेली होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. तेथे प्रश्न वेगाचा नव्हता, भाराचा होता. परतीच्या फेरीत इंजिन मंद ठेवावे, माणसे खाली बसवावीत, मागे दाटी होऊ देऊ नये. आणि काठ पाण्याजवळ येऊ लागताच उरलेल्यांना पुढील फेरीसाठी थांबवावे.