स्वतंत्र व्यावसायिकाचें आजारपण आणि प्राप्तिकर

यवतमाळच्या कापूस बाजारांतील अडत्या, वणीचा वकील, पुसदचा डॉक्टर, दारव्ह्याचा किराणा दुकानदार, यांचे व्यवसाय निराळे. परंतु एक गोष्ट सर्वांस समान आहे. अंथरुणास खिळण्याची वेळ आली कीं त्यांना पगारी रजा नाहीं. साहजिकच प्रश्न उठतो कीं, ज्या देहाच्या बळावर धंदा चालतो, त्या देहाच्या दुरुस्तीचा खर्च धंद्याचा खर्च कां मानूं नये?

हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ख्यातनाम विधिज्ञ शांतिभूषण यांनीं आपल्या हृदयावरील शस्त्रक्रियेचा सुमारें १ लाख ७४ हजार रुपयांचा खर्च वकिलीच्या प्राप्तींतून वजा करून मागितला. हृदय हें व्यवसायाचें यंत्र, सबब त्याची डागडुजी ही यंत्राची दुरुस्ती, असा त्यांचा युक्तिवाद होता. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०११ सालीं तो अमान्य केला. हृदय चालतें तें मनुष्य जगावा म्हणून. केवळ वकिली चालावी म्हणून नव्हे. इंग्लंडांतही १९४५ सालीं एका लघुलेखकाच्या औषधोपचाराच्या खर्चाबाबत असाच निकाल झाला होता. तात्पर्य, डॉक्टरचें बिल दुकानाच्या खतावणींत लिहून भागत नाहीं.

मग सवलत कोठें आहे? ती धंद्याच्या हिशेबांत नसून एकूण प्राप्तीवरील वजावटींत आहे, आणि ती मुख्यतः आजाराच्या खर्चासाठीं नसून आजाराआधींच्या तरतुदीसाठीं आहे. स्वतः, पति किंवा पत्नी व अवलंबून असलेलीं मुलें यांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यापोटीं वर्षास २५ हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांच्या विम्यासाठीं आणखी २५ हजार, आणि त्यांचें वय ६० वा अधिक असल्यास ५० हजार. अशा वृद्धांचा विमाच नसेल, तर त्यांच्या प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्चही त्याच मर्यादेंत धरतां येतो. कर्करोगासारख्या ठराविक दुर्धर रोगांसाठीं तज्ज्ञाच्या दाखल्यावर निराळी वजावट आहे. मात्र हप्ता रोखीनें भरलेला नसावा. रोखीच्या व्यवहारास सरावलेल्या व्यापाऱ्याची सवलत नेमकी येथेंच बुडते.

वजावट म्हणजे परत मिळालेली रक्कम नव्हे, हेंही ध्यानीं घ्यावें. २० टक्के दरानें कर देणाऱ्यानें २५ हजारांचा हप्ता भरला, तर उपकरासह वांचतात ५ हजार २०० रुपये. उरलेले १९ हजार ८०० त्याच्याच खिशांतून जातात.

शिवाय ही वजावट जुन्या करपद्धतीपुरतीच आहे. २०२३–२४ या आर्थिक वर्षापासून नवी पद्धत आपोआप लागू होते, आणि तींत आरोग्यविम्याची वजावट नाहीं. जुनी पद्धत हवी असल्यास व्यावसायिकास विवरणपत्राच्या मुदतींत तसें लेखी कळवावें लागतें. आणि एकदां ती सोडून नव्या पद्धतींत परतल्यावर, धंद्याची प्राप्ति चालू आहे तोंवर पुन्हां जुनीकडे वळतां येत नाहीं. नोकरदार दरवर्षीं निवड बदलूं शकतो; दुकानदारास ती मुभा नाहीं. म्हणून एका वर्षाच्या हप्त्याकडे पाहून निर्णय करणें धोक्याचें. २०२५–२६ पासून नव्या पद्धतींत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण प्राप्तीवर करच पडत नाहीं. तेव्हां लहान व्यावसायिकास वजावटीचा मोह धरण्याचें कारणही बहुधा उरत नाहीं.

ज्याची सारी मिळकत शेतीची, त्यास प्राप्तिकर नाहीं, आणि अर्थात् वजावटीचा लाभही नाहीं. कापसावर जगणाऱ्या या जिल्ह्यांत असे कुटुंबप्रमुख पुष्कळ आहेत. त्यांचें आजारपण करमुक्त असतें, पण फुकट नसतें.

यावरून एक विवेक निघतो. विमा करासाठीं घेऊं नये. इस्पितळाच्या खर्चानें दुकानाचें भांडवल खाऊं नये म्हणून घ्यावा. करांत सूट मिळाली तर ती वरकड समजावी, आणि न मिळाली म्हणून हप्ता चुकवूं नये. कारण कायदा पद्धत निवडण्यास मुदत देतो. आजार ती देत नाहीं.