गळाची माशी : स्वस्त साहित्य व योग्य चिकट द्रव्य

गळावर पिसे व लोकर बांधून माशीचा आभास निर्माण करावा व मासा भुलवावा, ही इंग्लंडातील जुनी कला आहे. तीस महाग साहित्य लागते, हा समज मात्र खरा नव्हे. विल्टशायरमधील ॲव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू व तांब्याची बारीक तार एवढ्यावरच आपली नामांकित माशी बांधली. तारेनेच दोऱ्याचे काम केले व तिच्याच वजनाने माशी पाण्यात उतरे. दुसऱ्या एका माशीस त्यांनी रफूची लोकर वापरली.

खरी चूक होते ती चिकट द्रव्याच्या निवडीत. सुताराचा सरस पाण्यात मऊ पडतो. कागदाचा पांढरा गोंदही भिजल्यावर टिकत नाही. शेवटच्या गाठीवर नखांचे बिनरंगी रोगण सुईच्या टोकाने थेंबभर लावावे व पुरते वाळू द्यावे. क्षणात धरणारा सायनोॲक्रिलेट गोंद मजबूत खरा, परंतु तो कडक होतो. पिसांत झिरपल्यास त्यांची हालचाल थांबते, आणि मासा भुलतो तो त्या हालचालीसच.

पिसांस घरच्या कोंबड्याची मान पुरे. सामन मासा धरण्याच्या माश्यांसाठी आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसे पूर्वी विलायतेस जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यास संरक्षण आहे. सबब, कोणी कितीही दर देऊ केला तरी बांधावर फासे लावू नयेत. तो गुन्हा होय.