लौकिक कुणाचा, नोंद कुणाची?

'मुलांची ऑनलाइन प्रतिमा चांगली कशी घडवायची' हा आजचा विषय. पण 'प्रतिमा' या शब्दापाशीच आपण थोडं थांबू. आपल्याकडे याहून जुना शब्द आहे, लौकिक. प्रतिमा सजवता येते, लौकिक मात्र मिळवावा लागतो. आणि तो ज्याचा त्यानेच मिळवायचा असतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन हा गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगतो. अंगठी फिरवली की ती घालणारा अदृश्य होतो. मग कुणी पाहत नसताना माणूस नीट वागेल का, हा त्याचा सवाल. आजच्या मुलांना टोपणनाव किंवा खासगी ग्रुप म्हणजे अशीच अंगठी वाटते. ती तशी नाही. २०१७ साली हार्वर्ड विद्यापीठाने किमान १० विद्यार्थ्यांना दिलेले प्रवेश मागे घेतले. त्यांनी फेसबुकच्या खासगी ग्रुपमध्ये आक्षेपार्ह मीम्स टाकली होती. एका स्क्रीनशॉटने खासगीपण संपतं.

मग मुलांना धाक घालायचा का? धाकाने मूल लपायला शिकतं, वागायला नव्हे. शिवाय बऱ्याच मुलांच्या बाबतीत पहिली नोंद त्यांची स्वतःची नसतेच, ती आपण केलेली असते.

आमचंच सांगतो. गणेशोत्सवात नात स्टेजवर गाणं विसरली आणि रडली. आम्ही कौतुकानेच तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तीन वर्षांनी तो तिच्या वर्गात पोचला. घरी येऊन तिने एवढंच विचारलं, "आजोबा, तुम्ही मला विचारलं होतंत का?" आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, पण त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानतो. मुलाची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं तो सांगतो. म्हणजे पालक हा राखणदार, असं कायद्याने गृहीत धरलंय. पण राखणदारानेच दार उघडं टाकलं तर? तिथे आपल्या विवेकालाच जागं राहावं लागतं.

तेव्हा करायचं काय? पहिलं, विचारायचं. पाच वर्षांच्या मुलालाही 'हा फोटो काकूला पाठवू का?' हे कळतं. त्याच्या 'नाही'ला मान दिला, की तेही दुसऱ्याचा फोटो टाकताना विचारायला शिकतं. दुसरं, दोन-चार महिन्यांतून एकदा मुलासोबत बसून त्याचं नाव शोधून पाहायचं. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, रोजची येण्याजाण्याची वेळ दिसत असेल तर ते काढून टाकायचं. तिसरं, त्याला काही करून दाखवू द्यायचं. गावातल्या बारवेचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवणं, स्क्रॅचवर एखादा खेळ रचणं, पाहिलेल्या पक्ष्यांची टिपणं लिहिणं. चांगल्या कामाची नोंद आपोआप चांगली होते, तिला वेगळी रंगरंगोटी लागत नाही.

आणि चूक झाली तर? ती काढायची, जिला किंवा ज्याला दुखावलं त्याची समोर जाऊन माफी मागायची, आणि घरात तो विषय पुन्हा पुन्हा उगाळायचा नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यातल्या आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी म्हटलं, की बालपणीच्या चुकांचे परिणाम मुलांना जन्मभर भोगायला लागू नयेत.

आपल्या लहानपणीच्या चुका गल्लीने पाहिल्या आणि गल्लीच विसरूनही गेली. म्हणून तर आपण सुधारलो. ते विसरणं यंत्राला जमत नाही, त्यामुळे ती जबाबदारी आता माणसांची.

तो व्हिडिओ आम्ही नातीसमोर बसून काढला. दुसऱ्यांच्या फोनमध्ये तो अजून असेलही. पण आता तिचा फोटो काढण्याआधी आम्ही विचारतो. कधी ती 'हो' म्हणते, कधी 'नको'.