मृत्यूच्या नोंदीतली भूक

‘एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे मजूर सरासरी सतराव्या वर्षी मरत, हे खरं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. आकडा खरा आहे. इंग्लंडमधला सरकारी अधिकारी एडविन चॅडविक याच्या मजुरांच्या आरोग्यावरच्या 1842 च्या अहवालात तिथल्या मजूर कुटुंबांतल्या मृतांचं सरासरी वय 17 दिलं आहे. रटलंड या शेतीच्या परगण्यात तेच 38. पण या सरासरीत तान्ही बाळंही आली. मँचेस्टरच्या मजुरांची शंभरातली 57 हून अधिक मुलं पाच वर्षांचीही होत नसत. त्यातून वाचलेली पुष्कळ माणसं चाळिशी-पन्नाशी पाहत.

शिवाय गिरण्यांच्या गावात खेड्यापाड्यांतून तरुण माणसं येत, घरोघरी पाळणे हलत. नव्याने लावलेल्या आमराईत जी झाडं मरतील ती कोवळीच असणार. जुनं झाड तिथे असतंच कुठे?

हा हिशेब नीट मांडला विल्यम फारने. शेतमजुराचा हा मुलगा डॉक्टर झाला आणि जन्ममृत्यू नोंदणीच्या सरकारी कचेरीत आकडे जुळवत बसला. प्रत्येक वयाची किती माणसं हयात होती आणि त्यांतली किती गेली, हे त्याने ताडून पाहिलं. जन्मणाऱ्याचं अपेक्षित आयुष्य निघालं सरे परगण्यात 45 वर्षं, लंडनमध्ये 37, लिव्हरपूलमध्ये 26. चुकीची सरासरी बाजूला सारली, तरी टायफस, क्षय, गोवर आणि हगवणीने पोखरलेलं शहर तसंच समोर उभं राहिलं!

फारबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो तो मात्र एका वादामुळे. 1837 च्या जुलैत नोंदणी सुरू झाली. तिच्या पहिल्याच अहवालात त्याने 63 मृत्यूंचं कारण ‘उपासमार’ असं दाखवलं. चॅडविक तेव्हा गरीब-मदत कायदा राबवणाऱ्या आयोगाचा सचिव होता. त्याने जोरदार हरकत घेतली. पण फारने माघार घेतली नाही. त्याचं म्हणणं असं, की भूक थेट मारते त्याहून कितीतरी जास्त माणसं ती आजाराच्या हाती देते. अर्धपोटी मुलाला गोवर झाला आणि ते गेलं, तर नोंदवहीत फक्त गोवर उरतो.

चॅडविकने गटारं आणि स्वच्छ पाण्यासाठी जिवाचं रान केलं, त्याने असंख्य जीव वाचले, हे निःसंशय. पण रोगाचं मूळ केवळ घाणीत आहे असं ठरलं, की मजुरी आणि भाकरी यांचा प्रश्न उरतच नाही. 1848 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार जिथे हजारी 23 हून जास्त मृत्यू होत, तिथे आरोग्य मंडळ सक्तीने नेमता येई. भुकेसाठी त्या कायद्यात असा कोणताच आकडा नव्हता.