निर्देशिका ‘वाचणे’ म्हणजे काय?



क्रियापदाचा अर्थ कर्मानुसार बदलतो, हे तुम्हांला परिचयाचे आहे. ‘भात खाणे’, ‘मार खाणे’ आणि ‘लाच खाणे’ यांतील ‘खाणे’ एक नव्हे. संगणकाच्या जाळ्यावर वाचन, लेखन व कार्यवाही असे तीन अधिकार दिले जातात. तेथेही धारिका (फाइल) आणि निर्देशिका (फोल्डर) यांच्या बाबतीत याच शब्दांचे अर्थ वेगळे होतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास तुमचा प्रकल्प-अहवाल नाहीसा होऊ शकतो.

समजा, इंदापूर तालुक्यातील कळस येथे तुमची जमीन आहे. गाव नमुना ८-अ मध्ये तुमच्या खात्यावरील गटांची यादी मिळते. पिकांची नोंद मात्र त्या त्या गटाच्या सातबाऱ्यावर असते. निर्देशिका ८-अ सारखी असते. तिच्यात नावे असतात, मजकूर नसतो. म्हणून निर्देशिकेचे ‘वाचन’ म्हणजे केवळ नावांची यादी पाहणे. ‘कार्यवाही’ हा शब्द तर येथे दिशाभूल करणारा आहे. त्याऐवजी ‘प्रवेश’ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. हा अधिकार नसेल, तर यादी दिसते, परंतु आतील एकही धारिका उघडत नाही.

‘लेखन’ म्हणजे यादीत नाव घालणे, बदलणे वा काढणे. त्यामुळे युनिक्स व लिनक्स या प्रणालींत धारिका पुसण्याचा अधिकार धारिकेवरून ठरत नाही. ती ज्या निर्देशिकेत आहे, तिच्यावरील लेखन व प्रवेश या अधिकारांवरून ठरतो. तुम्ही अहवालावर ‘केवळ वाचन’ अशी मर्यादा घातली, पण निर्देशिका सर्वांना लेखनासाठी खुली ठेवली, असे समजा. सहाध्यायी त्यातील एक अक्षरही बदलू शकणार नाही. अख्खा अहवाल मात्र काढून टाकू शकेल आणि त्याच नावाचा दुसरा तेथे ठेवू शकेल! यावर ‘स्टिकी बिट’ हा उपाय आहे. तो लावल्यावर धारिकेचा मालक, निर्देशिकेचा मालक आणि प्रशासक यांखेरीज कोणालाही धारिका पुसता येत नाही.

हे अधिकार मालक, गट व इतर यांना स्वतंत्रपणे दिले जातात. (हा गट वापरकर्त्यांचा, सातबाऱ्यावरचा नव्हे.) वाचनाचे ४, लेखनाचे २ व प्रवेशाचा १ अशी बेरीज करतात. ७५० म्हणजे मालकाला सर्व अधिकार, गटाला वाचन व प्रवेश, इतरांना काहीही नाही.

स्वाध्याय : अभ्यासकेंद्राने स्वाध्याय जमा करण्याच्या निर्देशिकेवर विद्यार्थ्यांच्या गटाला ३ हा अंक दिला आहे, स्टिकी बिट लावलेला नाही. विद्यार्थ्याला इतरांच्या धारिकांची नावे दिसतील काय? एखादे नाव अचूक ठाऊक असल्यास ती धारिका तो पुसू शकेल काय? सकारण लिहा.