पाण्यावरची वाट

धरण म्हटले की भिंत, दरवाजे आणि कालवे आठवतात. पाण्यापलीकडे राहिलेली गावे आठवत नाहीत. आमच्या उमरखेडकडच्या शिवारांना पैनगंगेवरील इसापूर धरणाने पाणी दिले, त्याचे मोल मी जाणतो. पण धरणामुळे रस्ता हरवलेल्यांची गोष्ट सांगायची, तर भीमेवरच्या उजनीला जावे लागते.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाण्याचा हा साठा. सोलापूर जिल्ह्यात त्यावर ऊस उभा राहिला. जुने पळसदेव मात्र बुडाले; उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथले देऊळ वर येते. करमाळा तालुक्यातले कुगाव एका काठाला राहिले, इंदापूर तालुक्यातले शिरसोडी आणि कळाशी दुसऱ्या काठाला. मधली नदी समुद्रासारखी पसरली. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. मग नाव आली. बाजारकरी, पाहुणे, लेकुरवाळ्या बाया, एवढेच काय, मोटारसायकलीही तिच्यात चढू लागल्या.

बँकेत असताना मी ट्रॅक्टरची, विहिरींची, म्हशींची कर्जप्रकरणे पाहिली. उतारू नेणाऱ्या नावेचे एकही प्रकरण माझ्या टेबलावर आले नाही. वास्तविक मुंबई इलाख्यात फेरीबोटींसाठी १८६८ सालीच कायदा झाला होता. पण कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि सांजवेळी काठावर कोणी उभे राहून माणसे मोजणे वेगळे.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन चिमुकली होती.

कुगाव-शिरसोडी पुलाला शासनाची मंजुरी मिळाली आहे. पूल होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक उतारूच्या अंगावर जॅकेट हवे आणि वारा सुटला की नाव बंद हवी. हे सांगणे सोपे आहे. पण नाव बंद ठेवली की नावाड्याची त्या दिवसाची चूल कशावर पेटायची? जुन्या बँकवाल्याला हा हिशेब सुटत नाही. ती एका दिवसाची मजुरी गावाने, नाहीतर सरकारने भरून द्यावी. धरणाच्या खर्चात ती रक्कम कुठे दिसणारही नाही.